टीएमएस समजून घेताना : चुंबकीय मेंदू-उद्दीपनाची प्राथमिक परिभाषा

आजचं व्याख्यान शब्दांविषयी आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. डिप्रेशनच्या दोन-तीन औषधांनी गुण आला नाही की हल्ली डॉक्टर टीएमएसचं नाव काढतात. घरची माणसं क्लिनिकमध्ये जातात आणि त्यांच्या हातात एक कागद येतो. त्यावर साधारण असं काही लिहिलेलं असतं : 'आरएमटी ५५ टक्के, लेफ्ट डीएलपीएफसी, १० हर्ट्झ, १२० टक्के, ४ सेकंद ऑन, २६ सेकंद ऑफ, ३००० पल्सेस, ३० सेशन्स'. खाली सही करायची असते. सही करणाऱ्याला या ओळीतलं 'सेशन्स' तेवढं कळलेलं असतं, कारण पैसे त्या हिशोबानं भरायचे असतात. (हशा)

तर आज आपण ही एक ओळ उलगडू. तासाभरात कोणी तज्ज्ञ होणार नाही, पण सही करण्याआधी चार नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढी आमची अपेक्षा आहे.

आधी नावच घेऊ. टीएमएस म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. ट्रान्सक्रेनियल म्हणजे कवटीच्या आरपार, कवटी न उघडता. स्टिम्युलेशन म्हणजे उद्दीपन, चेतवणं. घोटाळा होतो तो मधल्या शब्दात. मॅग्नेटिक म्हटलं की आपल्याकडे लोकांना चुंबकाचे पट्टे आठवतात, मनगटात घालायची कडी आठवतात, चुंबकावर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी आठवतं. त्यांचा आणि टीएमएसचा काडीचाही संबंध नाही. का नाही, हे समजलं की अर्धं टीएमएस समजलं.

शाळेत आपण विद्युत-चुंबकीय प्रवर्तन शिकलो. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं, की चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. 'बदलत असेल तर' हे तीन शब्द महत्त्वाचे. चुंबक नुसता शेजारी पडून राहिला तर काही होत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी असेल, तर ती याच तत्त्वावर चालते. शेगडीच्या काचेखाली तारेचं वेटोळं असतं, त्यातली वीज सतत उलटसुलट होते, चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि भांड्याच्या बुडात वीज फिरून ते तापतं. काच स्वतः त्या विजेनं तापत नाही. टीएमएसमध्ये काचेच्या जागी कवटी आहे आणि भांड्याच्या जागी मेंदू. लगेच सांगून टाकतो, मेंदू तापवत नाहीत. इथे वीज एका क्षणापुरती निर्माण होते आणि तिचं काम चेतापेशींना ढोसणं एवढंच असतं.

मनगटातल्या कड्याचं क्षेत्र बदलतच नाही, म्हणून त्यातून वीज निर्माण व्हायचा प्रश्न येत नाही. टीएमएसमध्ये चुंबक हा फक्त टपालवाला आहे. तो कवटीपलीकडे नेऊन देतो ती वीज. कवटीचं हाड विजेला फार अडवतं, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. म्हणून हा वळसा.

वळसा सुचायला वेळ लागला. पॅरिसमध्ये द'आर्सोनव्हाल यांनी १८९६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये सिल्व्हेनस थॉम्पसन यांनी १९१० मध्ये मोठ्या वेटोळ्यात डोकं घालण्याचे प्रयोग नोंदवले. डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकताना दिसला. अशा प्रकाशाला फॉस्फीन म्हणतात. हा शब्द तुम्हाला पुढेही भेटेल. त्या वेळचा तो उजेड बहुधा डोळ्याच्या पडद्यातून आला असावा, असं आज मानलं जातं. नंतर १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन या दोघांनी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून थेट विजेचा झटका दिला आणि हाताचा स्नायू हलवून दाखवला. पद्धत चालली, पण दुखायचं फार. शेवटी १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेटोळं डोक्यावर धरून, जवळजवळ न दुखवता, माणसाचा हात हलवला. 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि आजचं टीएमएस तिथून सुरू झालं.

आता यंत्राचे शब्द. डोक्याला टेकवतात ती कॉइल, म्हणजे वेटोळं. गोल कॉइलनं मोठा भाग चेतवला जातो, नेमकेपणा कमी. दोन गोल शेजारी ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी केलेली कॉइल जास्त वापरात आहे. दोन्ही गोलांतली वीज मध्यभागी एकमेकींना बळ देते, म्हणून परिणाम मधल्या सांध्याखाली एकवटतो. तिसरी एच-कॉइल, हेल्मेटसारखी. ती अधिक खोल जाते, पण अधिक पसरट जाते. जाहिरातीत 'डीप टीएमएस' लिहिलेलं असतं ते हे. खोल आणि नेमकं या दोन्ही गोष्टी एकाच कॉइलला एका वेळी जमत नाहीत, ही भौतिकशास्त्राची अडचण आहे, कंपनीची नाही. आठच्या आकड्याची कॉइल साधारण दोन-तीन सेंटिमीटर खोलपर्यंत परिणाम करते. म्हणजे मेंदूचा वरचा थर, कॉर्टेक्स.

एका ठोक्याला पल्स म्हणतात. कॉइलजवळ चुंबकीय क्षेत्र दीड-दोन टेस्लापर्यंत जातं. एमआरआयच्या यंत्रातही दीड टेस्ला असतं, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. पण एमआरआयचं मुख्य क्षेत्र स्थिर असतं, आणि इथे शून्यापासून वर चढायला सेकंदाचा दहा हजारावा भाग, एवढाच वेळ लागतो. त्यासाठी कॉइलमधून क्षणभर काही हजार अँपिअर वीज सोडावी लागते. घरातला गीझर आठ-दहा अँपिअर घेतो, यावरून अंदाज करा. ही वीज आधी कपॅसिटरमध्ये साठवतात आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एकदम सोडतात. त्या वेळी कॉइलमधल्या तारांना हिसका बसतो आणि 'टक्' असा आवाज येतो. आवाज लहान वाटला तरी कानाला इजा करू शकेल इतका तीव्र असतो. कानात बोळे घालणं हा शिष्टाचार नाही, नियम आहे. क्लिनिकनं दिले नाहीत तर मागून घ्या.

कागदावरचा पहिला शब्द : आरएमटी. रेस्टिंग मोटर थ्रेशोल्ड. थ्रेशोल्ड म्हणजे आपला उंबरठा, आणि मराठी शब्द इथे चपखल बसतो. कमी ताकदीचा पल्स दारातच थांबतो, पुरेशा ताकदीचा उंबरठा ओलांडून आत येतो. पण ओलांडला हे कळणार कसं? मेंदूच्या बहुतेक भागांना चेतवलं तरी बाहेर काही दिसत नाही. एक भाग मात्र बोलका आहे : स्नायू हलवणारी पट्टी, मोटर कॉर्टेक्स. डाव्या बाजूला हाताची जागा चेतवली की उजव्या हाताचा अंगठा उडतो. सगळ्यात सहज जिथे उडतो त्या जागेला हॉटस्पॉट म्हणतात. मग तिथे ताकद हळूहळू कमी करत जायचं. हाताचा स्नायू सैल असताना दहा पल्सेसपैकी निदान पाच वेळा प्रतिसाद मिळवून देणारी सगळ्यात कमी ताकद म्हणजे आरएमटी. प्रतिसाद म्हणजे काय, तर स्नायूवर लावलेल्या इलेक्ट्रोडवर निदान ५० मायक्रोव्होल्टची लाट. या लाटेला एमईपी म्हणतात, मोटर इव्होक्ड पोटेन्शियल. पल्स दिल्यावर हाताच्या स्नायूत ती साधारण २० मिलिसेकंदांनी उमटते. हा वेळ लांबला तर मेंदूकडून स्नायूकडे जाणाऱ्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे असं समजतं, म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात तपासणीसाठीही टीएमएस वापरतात. उपचाराच्या गडबडीत हा उपयोग मागे पडतो. अनेक क्लिनिक इलेक्ट्रोड न लावता अंगठा उडाला की नाही हे नुसत्या डोळ्यांनी बघतात. चालतं ते, पण उंबरठा थोडा वर मोजला जाण्याची शक्यता असते. स्नायू किंचित आवळून मोजला तर तो अ‍ॅक्टिव्ह मोटर थ्रेशोल्ड. तो नेहमी खाली येतो, कारण पेशी आधीच तयारीत असतात.

'५५ टक्के' हे कशाचे टक्के? त्या यंत्राच्या जास्तीत जास्त ताकदीचे. म्हणून एका क्लिनिकमधले ५५ आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरचे ५५ यांची तुलना करायची नाही. 'माझ्या भावाला ४५ पुरले, मला ५५ का?' असंही कोणी मनाला लावून घेऊ नये. कवटीपासून मेंदूपर्यंतचं अंतर प्रत्येकाचं वेगळं, औषधं वेगळी. ५५ म्हणजे आजार जास्त, असा अर्थ मुळीच नाही. आणि '१२० टक्के' हे तुमच्या स्वतःच्या उंबरठ्याचे. ५५ च्या १२० टक्के, म्हणजे ६६. यंत्र ६६ वर लावतील.

इथे एक गोष्ट आम्हाला जरा ठासून सांगायची आहे. उंबरठा दगडाचा नसतो. फिट्सची काही औषधं, उदाहरणार्थ कार्बामाझेपीन, तो वर नेतात. काही औषधं मेंदूची फिट येण्याची प्रवृत्ती वाढवतात. रात्रभर जागरण, दारू, किंवा रोजची दारू एकदम बंद करणं, यांनीही धोका वाढतो. म्हणून कोर्स चालू असताना कोणी फॅमिली डॉक्टरनं नवी गोळी दिली, जुनी बंद केली, की टीएमएसच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. उंबरठा पुन्हा मोजायला पंधरा मिनिटं लागतील. लागू देत.

आणि प्रामाणिकपणे एक उणीवही सांगायला हवी. उंबरठा मोजतात अंगठ्याच्या जागेवर आणि उपचार करतात कपाळामागच्या जागेवर. दोन्हीकडे कवटी ते मेंदू हे अंतर सारखं असेलच असं नाही. तरीही हीच पद्धत जगभर रूढ आहे, कारण कपाळामागचा भाग अंगठ्यासारखा बोलून दाखवत नाही.

ती जागा म्हणजे डीएलपीएफसी : डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. कपाळाच्या वरच्या बाजूला, थोडी कडेला. डिप्रेशनमध्ये डावीकडची ही जागा सुस्त असते आणि ती मनःस्थितीशी संबंधित असलेल्या खोलवरच्या भागांशी जोडलेली आहे, असा त्यामागचा विचार. खोल भागापर्यंत कॉइल पोचत नाही, म्हणून तिथे जाणाऱ्या तारेचं वरचं टोक हलवायचं. जागा शोधायची जुनी रीत म्हणजे 'पाच सेंटिमीटरचा नियम' : हॉटस्पॉटपासून पाच सेंटिमीटर पुढे. लहान डोकं, मोठं डोकं, सगळ्यांना पाचच. साहजिकच कित्येकांत कॉइल नेमक्या जागेच्या मागेच राहायची. आता डोक्याची मापं घेऊन ईईजीच्या एफ-थ्री या खुणेवरून जागा काढतात. त्याहून अचूक म्हणजे न्यूरोनॅव्हिगेशन, यात रुग्णाचा स्वतःचा एमआरआय पडद्यावर ठेवून कॉइल बसवतात. ते महाग असतं. ते नाही म्हणून उपचार कुचकामी, असं आम्ही म्हणणार नाही. पण 'जागा कशी ठरवता?' हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर 'आम्हाला अंदाज आहे' असं आलं, तर दुसरं क्लिनिक बघावं.

आता वेळेचे शब्द, हे सोपे आहेत. एकेकटा पल्स दिला तर सिंगल-पल्स. काही मिलिसेकंदांच्या अंतरानं दोन दिले तर पेअर्ड-पल्स. हे मुख्यतः संशोधनात. ठरावीक गतीनं देत राहिलं तर रिपिटिटिव्ह, म्हणजे आरटीएमएस. उपचारात बहुधा हेच असतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती पल्स. १ हर्ट्झ किंवा त्याखाली ती लो-फ्रीक्वेन्सी, तिनं त्या भागाची उत्तेजनक्षमता उतरते. ५ हर्ट्झ आणि वर ती हाय-फ्रीक्वेन्सी, तिनं चढते. हा नियम पुस्तकात जितका स्वच्छ दिसतो तितका माणसांत दिसत नाही. काहींच्यात उलटंही घडतं. ढोबळ खूण म्हणूनच वापरावा.

सलग दिलेल्या पल्सेसच्या माळेला ट्रेन म्हणतात. आपल्या कागदावर ४ सेकंद ऑन, म्हणजे १० हर्ट्झनं ४० पल्सेसची एक ट्रेन. मग २६ सेकंद विश्रांती. ३००० पल्सेस व्हायला अशा ७५ ट्रेन्स लागतात, आणि प्रत्येक फेरी अर्ध्या मिनिटाची, म्हणजे साडेसदतीस मिनिटं. विश्रांतीचा काळ सुरक्षेसाठी आहे. 'मला ऑफिसला जायचंय, गॅप कमी करा' असं टेक्निशियनला सांगू नये. लवकर व्हावं म्हणून वेगळी पद्धतच आहे : थीटा बर्स्ट. लंडनमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये ती मांडली. ५० हर्ट्झच्या वेगानं तीन पल्सेसचा झुबका, आणि असे झुबके सेकंदाला पाच. दोन सेकंद द्यायचं, आठ सेकंद थांबायचं. ६०० पल्सेस तीन मिनिटांच्या थोडं वर होतात. कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही तीन मिनिटांची पद्धत साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही. न थांबता ४० सेकंदांत ६०० दिले तर ती कंटिन्युअस थीटा बर्स्ट, आणि तिचा कल उतरवण्याकडे असतो. पल्सेस तेवढेच, मांडणी वेगळी, परिणाम उलट. तबल्याच्या बोलांसारखं आहे हे. बोल तेच, लय बदलली की कायदा बदलतो.

आता इथून पुढचं जरा सावकाश, कारण घरात भांडणं याच्यावरून होतात. 'टीएमएस म्हणजे शॉक ना?' नाही. शॉक म्हणजे ईसीटी, १९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केलेली. तिच्यात डोक्यातून वीज सोडून मेंदूत फिट आणतात. फिट हाच उपचार असतो. भूल देतात, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात. टीएमएसमध्ये रुग्ण खुर्चीत जागा असतो, भूल नसते, झाल्यावर उठून रिक्षानं घरी जाऊ शकतो. फिट हा इथे अपघात आहे आणि तो होऊ नये यासाठीच सगळे नियम आहेत. ईसीटीत स्मरणशक्तीवर होणारा परिणाम टीएमएसमध्ये दिसत नाही.

पण म्हणून ईसीटीला नावं ठेवू नका. हिंदी सिनेमानं तिचं जे चित्र उभं केलंय, त्यामुळे फार नुकसान झालंय. अन्नपाणी सोडलेला, आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेला रुग्ण असेल, तर ईसीटी जास्त परिणामकारक आहे आणि लवकर गुण देते. अशा वेळी 'शॉक नको, ते चुंबकाचं द्या' असा हट्ट धरणं जिवावर बेतू शकतं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी देण्यावर बंदीच घातली आहे. सिनेमातला तो प्रसंग आज बेकायदा आहे. तिसरं नाव टीडीसीएस. त्यात एक-दोन मिलिअँपिअरची बारीक वीज इलेक्ट्रोडनं देतात. ती पेशींना उडवत नाही, जरा कलवते. टीएमएसशी तिची गल्लत करू नये, एवढंच.

उपयोग होतो का, हे विचारताना तीन शब्द लागतात. पहिला शॅम, म्हणजे लटकी कॉइल. चाचणीत निम्म्या लोकांना अशी कॉइल लावतात, जी टक्-टक् करते, कपाळाला टोचल्यासारखंही करते, पण आत काही पोचवत नाही. रोज कोणीतरी आपुलकीनं विचारपूस करतं, रोज घराबाहेर पडावं लागतं, यानंही डिप्रेशनमध्ये फरक पडतो. तो वजा करण्यासाठी शॅम. दुसरा रिस्पॉन्स : प्रश्नावलीतले गुण निम्म्यानं किंवा जास्त उतरले. तिसरा रेमिशन : लक्षणं जवळपास गेली. रिस्पॉन्स म्हणजे बरं होणं नव्हे. ४० गुणांवरून २० वर आलेल्या माणसाला रिस्पॉन्स मिळालेला असतो, पण त्याची रात्र अजून अवघडच असते.

आता आकडे. अमेरिकेत १९० रुग्णांवरच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या कॉइलनं सुमारे १४ टक्क्यांना रेमिशन मिळालं, लटक्या कॉइलनं सुमारे ५ टक्क्यांना. दोनच वर्षांनी नेहमीच्या क्लिनिकमधल्या ३०७ रुग्णांची पाहणी आली, तिच्यात डॉक्टरांच्या मोजणीनुसार रेमिशन ३७ टक्के आणि रिस्पॉन्स ५८ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. दुसऱ्या पाहणीत शॅमचा गट नव्हता, औषधंही सोबत चालू होती, आणि मोजायची पद्धतही वेगळी होती. माहितीपत्रकात कुठला आकडा छापतात हे तुम्ही ओळखलं असेलच. आमचं मत विचाराल तर, औषधांनी गुण न आलेल्या माणसासाठी १४ विरुद्ध ५ हाही लहान फरक नाही. फक्त तो ५८ समजून कर्ज काढू नये. अमेरिकेच्या एफडीएनं डिप्रेशनसाठी मान्यता दिली २००८ मध्ये, ओसीडीसाठी २०१८ मध्ये, सिगारेट सोडण्यासाठी २०२० मध्ये. ऑटिझम, मतिमंदत्व, 'मुलाची एकाग्रता' अशा नावांखाली कोणी पॅकेज विकत असेल, तर ते या यादीत नाही, हे लक्षात असू द्या.

धोक्यांचं थोडक्यात. डोकं दुखणं, कॉइलखालची कातडी दुखणं, जबडा किंवा पापणी उडणं हे नेहमीचं, आणि पहिल्या आठवड्यानंतर बहुधा कमी होतं. फिट क्वचित, साधारण हजार रुग्णांत एक किंवा त्याहून कमी. बायपोलर असेल तर मनःस्थिती उलट टोकाला जाऊ शकते, म्हणून घराण्यात कोणाला तसा आजार असेल तर लपवू नये. आणि डोक्यात लोखंड किंवा विजेवर चालणारं काही असेल, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, रक्तवाहिनीवरची क्लिप, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड, तर टीएमएस सहसा नाहीच. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो. पहिली : 'मध्ये चार दिवस गावी जावं लागलं तर कोर्स फुकट जातो का?' फुकट जात नाही. सहसा आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे असा क्रम असतो, शनिवार-रविवार तसाही सुट्टीचा. राहिलेली सेशन्स पुढे जोडतात. पण सुरुवातीच्या दोन आठवड्यांत खंड टाळावा, आणि दहाव्या सेशनला फरक वाटला नाही म्हणून सोडूनही देऊ नये, बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक जाणवतो. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत.

दुसरी चिठ्ठी : 'मंगळसूत्र, कुड्या, आणि दातात चांदी भरलेली आहे, चालेल का?' कुड्या, चमकी, हेअरपिना आणि श्रवणयंत्र काढून ठेवायचं. खांद्याच्या वरचे दागिने उतरवायला सांगतात, त्यात मंगळसूत्रही आलं. खुर्चीत बसायच्या आधी घरच्या माणसाकडे द्या. दातातली चांदी चालते. तरी फॉर्मवर लिहा.